हिस्लॉपसाहेब आणि टाकळीचे शेवाळ

बालमित्रांनो, नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. ते ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांची माहिती मी आज देणार आहे. आमचे गाव टाकळघाटच्या बाजूला, त्यामुळे हे साहेब मला आपल्याच भागातले वाटतात.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स गावी झाला. १८४५ साली ते पाद्री म्हणून नागपुरास आले. इथे त्यांनी शाळा काढली. दगड गोळा करण्याचा त्यांना भारी नाद! १८५१ साली नागपूरच्या पश्चिमेस टाकळी येथे त्यांना व त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर यांना दगडात गोगलगायींचे शंख सापडले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ लाव्ह्याच्या थरांत दबून दगड झाला होता.

याच थरात कारा वर्गातील शेवाळाचे दाणेही आहेत. शेवाळ तर मऊ, मग ते टिकले कसे? बरं का, काराच्या दाण्याभोवती चुन्याचे कवच असते. म्हणून ते टिकले.

शेवाळाचे प्रकार पुष्कळ. कारा आणि स्पायरोगायरा हे हिरवे. तपकिरी आणि लाल शेवाळ बहुतेक समुद्रात. डायटमचे कवच तर काचेसारखे. या सर्वांच्या पेशीत केंद्रक असते आणि हरितद्रव्य वेगळ्या लवकात असते.

निळे-हिरवे शेवाळ मात्र नावाचेच शेवाळ. ते खरे तर जीवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नाही, लवकही नाही. जणू एकखणी घर! शास्त्रज्ञ त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. पण त्यांना कमी समजू नका. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू साठू लागला, तो त्यांच्याचमुळे. त्यांच्या काही जाती धानाच्या बांधीत हवेतला नत्र धरून पिकाला देतात.

काही जाती मात्र विषारी असतात आणि त्या नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. म्हणून साचलेल्या पाण्यावर रंग सांडल्यासारखा निळा-हिरवा थर दिसला, तर गुरांना तिथे पाणी पाजू नये. आपणही त्यात पोहू नये.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉपसाहेब टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून एकटेच बोरीकडे निघाले. वाटेत नाल्याला पूर होता. त्यात ते बुडाले. ४६ वर्षे पूर्ण व्हायला फक्त चार दिवस उरले होते. पुढे १८८३ साली त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. एका हिरवट खनिजालाही हिस्लॉपाइट असे त्यांचे नाव मिळाले.

आमच्याकडचे नाले पावसाळ्यात आजही असेच एकाएकी चढतात. तेव्हा मित्रांनो, दगड पाहा, शेवाळ पाहा, पण नाल्याला पूर असला तर काठावरच थांबा. पाणी उतरल्याशिवाय पाय टाकू नका.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी