दामोदर धर्मानंद कोसंबी

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी व मावळ यांचे डोंगर पसरले आहेत. त्या बाजूच्या पाऊलवाटांनी एक गणिताचे अध्यापक दगडगोटे निरखीत हिंडत असत. दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे नाव.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर बालपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. गणित हा त्यांचा मुख्य विषय. परंतु ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन व इटालियन या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. युरोपात प्रबोधनकाळी लिओनार्दोसारखा एकच पुरुष चित्रकार, यंत्रज्ञ व शरीरशास्त्राचा अभ्यासक असे. कोसंबींची वृत्ती त्याच जातीची होती. विद्यांमधील कुंपणे त्यांना मान्य नव्हती.

पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवू लागले. त्या काळात त्यांच्या हाती तक्षशिलेची प्राचीन चांदीची नाणी आली. त्यांवर राजाचे नाव नाही, सालही नाही, नुसती चिन्हे! मग त्यांचा काळ कसा ठरवावा? कोसंबींनी तराजू हाती घेतला. नाणे हातोहात फिरले की झिजते. जितके अधिक फिरावे, तितके ते हलके होते. हा नियम त्यांनी चालू व्यवहारातील नाणी तोलून आधी पडताळून पाहिला, आणि मग वजनांवरून त्या मुक्या नाण्यांचा क्रम लावला. गणिताने इतिहासाला वाचा फुटली ती अशी. भर्तृहरीच्या सुभाषितांचा शुद्ध पाठ ठरविण्यासाठीही त्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. तो ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला.

राजांच्या सनावळ्या म्हणजेच इतिहास, हे त्यांना पटत नसे. ज्या धनगरांनी व शेतकऱ्यांनी एकही शिलालेख कोरला नाही, त्यांचा इतिहास कोठे शोधावयाचा? म्हणून ते रानावनात हिंडले. गावापासून दूर, आडवाटेला एखादी शेंदूर फासलेली देवी दिसे. तिच्या आसपास आदिमानवाची नखाएवढी दगडी पाती सापडत. एवढ्या एकांतात देवी का बसली? कळप घेऊन फिरणाऱ्या लोकांचे मुक्काम पूर्वी त्याच वाटांवर पडत असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. ग्रामीण स्त्रीपुरुषांशी बोलून त्यांच्या चालीरीतीही ते टिपून घेत. १९५६ साली निघालेल्या त्यांच्या इतिहासग्रंथाने विद्वानांत मोठी खळबळ उडाली. त्यांची काही अनुमाने पुढे वादग्रस्तही ठरली.

१९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहणे मात्र पुण्यास. डेक्कन क्वीनचा रोजचा प्रवास त्यांच्या अंगवळणी पडला होता. स्वभाव तापट, शब्द रोखठोक. त्यामुळे अनेकांशी त्यांचे खटके उडत. अणुशक्तीच्या भरभराटीच्या त्या दिवसांत, भारतासारख्या उन्हाच्या देशाने सूर्यशक्ती वापरावी, असे ते आग्रहाने सांगत राहिले.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.