विद्यार्थ्यांनीच सरांची चूक काढली, आणि जे उरलं त्यातून आला कोडिंगमधला 'लॅम्डा'

कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेत पाच आकड्यांची यादी बनवायची असेल, तर ते आकडे एकेक करून टाइप करावे लागत नाहीत. यादी किती मोठी हवी ते सांगायचं आणि महिरपी कंसात एक नियम द्यायचा. क्रमांकाला त्याच क्रमांकाने गुणा, एवढाच नियम दिला की 0, 1, 4, 9, 16 अशी यादी तयार. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून पहिला आकडा 0.

महिरपी कंसातल्या या बिननावाच्या नियमाला म्हणतात लॅम्डा. अँड्रॉइड अ‍ॅप बनवणारे तो रोज वापरतात. पण हा लॅम्डा आला तेव्हा आजच्यासारखे कम्प्युटर अस्तित्वातच नव्हते.

तो आणला अलोन्झो चर्च यांनी. त्यांचा जन्म 14 जून 1903 रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून 1927 मध्ये त्यांनी पीएचडी केली आणि पुढे तिथेच ते शिकवू लागले.

चर्च यांचं स्वप्न मोठं होतं. सगळ्या गणिताला तर्काचा नवा, भक्कम पाया द्यायचा. 1932 मध्ये त्यांनी आपली पद्धत मांडली. तिच्या मुळाशी होतं फंक्शन, म्हणजे एक किंमत घेऊन दुसरी देणारा नियम. तो लिहिण्यासाठी त्यांनी लॅम्डा हे ग्रीक अक्षर वापरलं.

आणि 1935 मध्ये हा पाया ढासळला. स्टीफन क्लीनी आणि जे. बी. रॉसर या त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं की या पद्धतीत विसंगती आहे. विसंगती असली की काहीही सिद्ध करता येतं, अगदी खोटंसुद्धा.

चर्च यांनी मात्र सगळंच फेकून दिलं नाही. तर्काचा भाग बाजूला ठेवला आणि फंक्शनचा भाग वाचवला. हाच लॅम्डा कॅल्क्युलस. त्याच्या आधारे 1936 मध्ये त्यांनी सिद्ध केलं की काही प्रश्न असे आहेत, जे ठरावीक पायऱ्यांच्या कोणत्याही पद्धतीने सुटू शकत नाहीत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये तरुण ॲलन ट्युरिंग वेगळ्या वाटेने याच उत्तरापर्यंत पोहोचले. मग ते प्रिन्स्टनला आले आणि चर्च यांच्याच मार्गदर्शनाखाली 1938 मध्ये पीएचडी झाले.

1950 च्या दशकाच्या शेवटी जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली आणि फंक्शन लिहिण्यासाठी लॅम्डाची खूण उचलली. लिस्प हे नावच 'लिस्ट प्रोसेसिंग'वरून आलंय. म्हणजे याद्या आणि लॅम्डा यांची सोबत तेव्हापासूनची.

11 ऑगस्ट 1995 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी चर्च यांचं निधन झालं. जावा भाषेत लॅम्डा आला तो त्यानंतर 19 वर्षांनी, 2014 मध्ये.

गणिताचा पाया नव्याने रचायचं स्वप्न काही पूर्ण झालं नाही. पण त्यातून वाचवलेला तुकडा आज एका ओळीत यादी तयार करून देतो.