कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्र

विक्रम संवत् ११४५ मध्ये गुजरातेतील धंधुका येथे माता पाहिणीच्या पोटी जन्मलेला चांगदेव बालवयातच दीक्षित झाला आणि पुढे आचार्य हेमचंद्र म्हणून विख्यात झाला. माळवा जिंकल्यावर तेथील भोजराजाचे व्याकरण पाहून सिद्धराज जयसिंहास आपल्या राज्याची उणीव जाणवली. त्याच्या विनंतीवरून आचार्यश्रींनी आठ अध्यायांचे ‘सिद्धहेम’ रचले. क्रिया घडण्यास जे निमित्त होते ते कारक, अशी त्यातील व्याख्या. ‘शिंप्याने कात्रीने कापड कापले’ यात प्रत्यय एकच. परंतु शिंपी कर्ता, कात्री करण! ‘शिंप्याची कात्री’ म्हणताच नाते क्रियेशी न राहता नामाशी जडते. म्हणून षष्ठी कारकांत गणली जात नाही. संवत् १२२९ मध्ये आचार्यश्री कालधर्म पावले.