मंदिरास भूमी देणारी आजी

ज्युबिलीच्या या मंगल समयी मंदिर बांधणाऱ्यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु धर्मगुरूंचे पाऊल जेथे वर्षानुवर्षे पडत नसे, अशा काळी श्रद्धेचा दीप कोणी जपला, याचा विचार आपणांकडून थोडाच होतो. म्हणून आम्ही वाचकांपुढे एका दूरदेशीच्या, पण आपल्याच धर्मसभेतील मातेचे चरित्र ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तरेस, मिशिगन व ह्यूरन या महासरोवरांच्या संधीवर मॅकिनॅक नावाचे लहानसे बेट आहे. त्या सरोवरप्रदेशात १७८० साली माग्दलेनबाईंचा जन्म झाला. वडील झां बातिस्त मार्को हे बीव्हर आदी प्राण्यांच्या केसाळ कातड्यांचे फ्रेंच व्यापारी. आई मारी ही तेथील ओडावा जमातीच्या नायकाची कन्या. मूल तीन वर्षांचे असता वडील मारले गेले व आईने माहेरच्या लोकांत आश्रय घेतला. १७८६ साली मॅकिनॅक येथे माग्दलेनला स्नानसंस्कार मिळाला.

सुमारे चौदाव्या वर्षी तिचा संसार जोसेफ लाफ्रांब्वाझ या धर्मशील व्यापाऱ्याशी जुळला. जवळ धर्मगुरू नसल्यामुळे विवाह प्रथम देशरीतीने झाला. १८०४ साली एक मिशनरी बेटावर आले, तेव्हा त्यावर धर्मसभेचा आशीर्वाद लाभला. दरवर्षी शरद ऋतूत मुलाबाळांसह होड्यांतून सरोवराच्या काठाकाठाने ग्रँड नदीवर जावे, बर्फाळ हिवाळा तेथे व्यापारात काढावा आणि वसंतात कातडी घेऊन बेटावर परतावे, असा त्यांचा क्रम होता.

धाकटा मुलगा जोसेफ लहान असतानाच या संसारावर घाला पडला. दारू देण्याचे नाकारल्यामुळे, तंबूत प्रार्थनेस बसलेल्या पतीचा एका इसमाने खून केला, असे परंपरेने सांगतात. पुढे मारेकऱ्यास पकडून बाईंपुढे उभे केले असता त्यांनी सूड मागितला नाही, न्याय देवावर सोपविला, असेही त्याच परंपरेत आहे.

पती गेला, पण हिवाळा तोंडावर होता. माग्दलेनबाई माघारी फिरल्या नाहीत. त्यांनी ठाण्यावर जाऊन व्यापार हाती घेतला आणि पुढे अनेक वर्षे तो चालविला. फ्रेंच, इंग्रजी, ओडावा व ओजिब्वे या भाषा त्यांना अवगत होत्या. त्या काळी पुष्कळ व्यापाऱ्यांना वर्षास १,००० डॉलर मिळत, तेथे बाईंची मिळकत ५,००० ते १०,००० डॉलर होती, असे इतिहासकार सांगतात. १८२२ च्या सुमारास त्या व्यापारातून निवृत्त झाल्या.

परंतु निवृत्तीपूर्वीच दुसरे दुःख त्यांच्या वाट्यास आले होते. कन्या जोसेत हिचा विवाह मॅकिनॅकच्या किल्ल्यावरील कॅप्टन बेंजामिन पीअर्स यांच्याशी झाला होता. यांचेच बंधू फ्रँकलिन पुढे १८५३ साली राष्ट्राध्यक्ष झाले. १८२० साली जोसेत व तिचे तान्हे बाळ निवर्तले. मागे राहिलेली नात हॅरिएट आजीच्या मायेखाली वाढली. ज्या वयात इतर जण विसावा घेतात, त्या वयात या आजीने लिहावाचावयास शिकून घेतले आणि बेटावरील मुलांना धर्मशिक्षण दिले.

त्या बेटावर कित्येक दशके कायमचे धर्मगुरू नव्हते. १८३० साली सॅम्युएल माझ्झुकेल्ली हे तरुण इटालियन डॉमिनिकन धर्मगुरू आले, तेव्हा त्यांना उजाड रान मिळाले नाही. प्रार्थना करणारी मंडळी व संत अ‍ॅनाचे मंदिर त्यांची वाट पाहत होते. या मंदिरासाठी आपल्या घराशेजारची भूमी माग्दलेनबाईंनी सुमारे १८२७ साली दिली होती. मोबदला म्हणून वेदीखाली विसाव्यापुरती जागा तेवढी त्यांनी मागितली. ४ एप्रिल १८४६ रोजी त्यांनी देह ठेवला व त्यांचे मागणे पुरे झाले. १९८४ साली मिशिगन संस्थानाने आपल्या थोर स्त्रियांच्या मालिकेत त्यांचे नाव घातले.

आम्ही धर्मगुरू येतो आणि बदलून जातो. धर्मग्राम मात्र मातांच्या व आज्यांच्या गुडघ्यांवर उभा असतो. ज्युबिलीच्या मिस्सात आपल्या दिवंगत आज्यांची, नाव कोरलेल्या व न कोरलेल्याही, आठवण करावी, आणि ज्या हयात आहेत त्यांच्यापाशी घटकाभर बसून त्यांच्या मुखीची प्रार्थना शिकून घ्यावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.