चाफ्यावर लिहिणारी बाई आणि प्लेग

सावित्रीबाई फुले म्हटले की भिडे वाडा आणि १८४८ मधली मुलींची शाळा आठवते. त्या कवयित्री होत्या, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते. ‘काव्यफुले’ हा त्यांचा संग्रह १८५४ साली निघाला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, आणि केशवसुतांच्या जन्माला अजून बारा वर्षे अवकाश होता. एकेचाळीस कवितांच्या या पुस्तकात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे, तसेच पिवळा चाफा, जाई आणि फुलपाखरूही आहे. फुलापानांत आपले मन पाहण्याची रीत इंग्रजीत वर्ड्सवर्थ, कीट्स यांनी रुळवली होती. मराठीत लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या एका बाईने ती इतक्या लवकर हाताळली, पण शिक्षिकेच्या कीर्तीखाली कवयित्री झाकली गेली.

१८५६ मध्ये आजारी पडून त्या माहेरी, नायगावला राहिल्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुखण्याचा उल्लेख थोडा. अस्पृश्यांना शिकवण्यावरून भावाशी झालेल्या वादाची हकीकतच जास्त. अशा रुग्णाला विश्रांती घ्यायला लावणे कोणत्याही डॉक्टरला अवघडच गेले असते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना थाटला आणि पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाई तिथे राबू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणले. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला.

तेव्हा प्लेगचा जंतू सापडून तीनच वर्षे झाली होती. हाफकिन यांनी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली ती त्याच जानेवारीत. पण जंतू माणसापर्यंत येतो कसा, हे उलगडले नव्हते. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात आणि कपड्यांतून, अंथरुणातून प्रवास करतात. फुप्फुसाचा प्लेग असेल तर रुग्णाच्या खोकल्यातूनही लागण होते. आज वेळेत प्रतिजैविके मिळाली तर बहुतेक रुग्ण वाचतात.

सावित्रीबाई गेल्यानंतर पुढच्याच वर्षी सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत पिसवांचा माग काढला. त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. १९०५ मध्ये डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेले.