हवानाचा डासवाला डॉक्टर

मागच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गोटमारीच्या दिवशी, सगळं पांढुर्णा जाम नदीकडे लोटलं होतं. आम्ही मात्र घरात माझ्या धाकट्या भावाच्या उशाशी बसून होतो. त्याला तापाचा चौथा दिवस. दुपारी अंग गार लागलं तशी आजीनं रोझरी खाली ठेवली आणि चहा टाकायला उठली. तेवढ्यात सौसरच्या मामीचा फोन आला. मामी नर्स आहे. ताप उतरला हे ऐकून ती खूश होईल असं वाटलं होतं, पण ती घाबरली. पोट दुखतं का, उलटी होते का, लघवी झाली का, असं विचारत सुटली आणि म्हणाली की आत्ताच्या आत्ता नागपूरला निघा. सौसरचा रस्ता आणि आमचा रस्ता सावनेरला मिळतो, तिथे ती आमच्या गाडीत चढली.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, हे मला त्या गाडीत कळलं. आम्ही सगळे प्लेटलेट्सचा आकडा जपत बसतो, पण मामीचं म्हणणं, नुसता आकडा नको बघू. या आजारात बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, आत उरलेलं रक्त घट्ट होतं आणि माणूस बसल्या जागी शॉकमध्ये जातो. भाऊ वाचला. सहा दिवस सलाईन लागलं, एवढंच.

त्या सहा दिवसांत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी मोबाईलवर हा डास कोणी पकडला ते शोधत होते. मलेरियाचे रोनाल्ड रॉस आपल्याला शाळेत भेटलेले असतात. हा दुसरा माणूस मला कोणत्याच पुस्तकात भेटला नव्हता. त्याचं नाव कार्लोस फिनले.

फिनले यांचा जन्म 3 डिसेंबर 1833 चा, क्युबा बेटावरच्या पुएर्तो प्रिन्सिपे गावातला. वडील स्कॉटिश डॉक्टर, आई फ्रेंच. शिक्षणासाठी मुलाला लहानपणीच युरोपात पाठवलं, पण तिथे त्याला कोरिया नावाचा मज्जासंस्थेचा आजार झाला आणि जिभेला कायमचा अडखळा राहिला. पुढे पुन्हा युरोप, मग टायफॉइड, पुन्हा घरी. हवानाच्या विद्यापीठानं प्रवेश नाकारला, म्हणून ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले आणि 1855 मध्ये डॉक्टर झाले. ज्याला सभेत बोलताना शब्द सापडायला वेळ लागतो, त्याच्या वाट्याला आयुष्यभर सभेला पटवायचं काम यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा हवानाचं भय म्हणजे पीतज्वर. तोही विषाणूचाच आजार, डेंग्यूच्याच कुळातला. त्यात यकृत निकामी होतं, डोळे-त्वचा पिवळी पडते, रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून रक्त येतं आणि शेवटी काळी उलटी होते, म्हणजे पोटात साठलेलं रक्तच. लोक समजत की हा घाणीतून, खराब हवेतून, रोग्याच्या अंथरुणातून येतो. फिनलेसुद्धा बरीच वर्षं हवेतल्या क्षारांना दोष देत होते. 1879 साली अमेरिकेची एक समिती तपासासाठी हवानात आली. तिच्याबरोबर काम करताना एक गोष्ट त्यांच्या मनात बसली: या रोगात रक्तपेशी वाहिन्यांच्या बाहेर आलेल्या दिसतात, म्हणजे घाव रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर आहे. मग एका माणसाच्या रक्तवाहिनीतून काहीतरी उचलून दुसऱ्याच्या रक्तवाहिनीत नेऊन सोडणारं कोण? हवा तर ते करू शकत नाही. त्यासाठी सुई लागते.

मी साहित्याची विद्यार्थिनी, विज्ञान दहावीनंतर सुटलं. तरी हा विचार वाचून मी बाकावर सरळ होऊन बसले. पुढचं काम त्यांनी एखाद्या पोलिसासारखं केलं. हवानातल्या डासांच्या जाती तपासल्या. थंड, उंच गावांत पीतज्वर का पसरत नाही, कोणता डास तिथे तग धरत नाही, कोणती मादी पोट भरेपर्यंत एकामागून एक माणसं चावते, हे सगळं जुळवत ते एकाच डासापाशी आले. पायांवर पांढरे पट्टे असलेला तो डास म्हणजे आजचा एडिस इजिप्ती. आमच्या गल्लीतल्या ड्रममध्ये होतो तोच!

फेब्रुवारी 1881 मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी मांडलं की रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये तिसरं कोणीतरी आहे. 14 ऑगस्टला हवानाच्या अकादमीत त्या तिसऱ्याचं नाव सांगितलं. विरोध झाला असता तर बरं, पण पुढची जवळजवळ वीस वर्षं वैद्यकीय जगानं त्यांना मनावरच घेतलं नाही. डासवाला म्हणून चेष्टा मात्र झाली.

त्यांच्याकडे पुरावाही कच्चा होता, हे मान्य करायला हवं. रोग्याला चावलेला डास ते दोन-चार दिवसांत निरोगी माणसाला चावू देत. सहकारी क्लाउदियो देल्गादो यांच्यासह त्यांनी असे शंभरावर प्रयोग केले. माणसं कोण होती? स्पॅनिश सैनिक, आणि नुकतेच क्युबात उतरलेले जेझुइट आणि कार्मेलाइट धर्मगुरू. फिनले स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. सौम्य आजार होऊन हे लोक पुढे सुरक्षित राहतील अशी त्यांची आशा होती. कॅथलिक म्हणून मला इथे थोडा अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो. हात पुढे करणाऱ्या त्या धर्मगुरूंना नक्की काय सांगितलं गेलं असेल? काहींना थोडा ताप आला, बहुतेकांना काहीच झालं नाही, आणि टीकाकार म्हणाले, बघा, डासात काही नाही.

चूक दिवसांच्या हिशोबात होती. विषाणू डासाच्या पोटातून त्याच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. फिनले घाई करत होते म्हणून डास निरुपद्रवी ठरत होता आणि म्हणूनच ते धर्मगुरू वाचले. प्रयोग बरोबर झाला असता तर त्यातले किती मेले असते, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

1900 च्या उन्हाळ्यात वॉल्टर रीड यांची अमेरिकन लष्करी समिती हवानात आली. तिचे सगळे मार्ग खुंटले तेव्हा 1 ऑगस्टला ती फिनले यांच्याकडे गेली. सहासष्ट वर्षांच्या या डॉक्टरांनी त्यांना डासाची अंडी देऊन टाकली. ना अट, ना हिस्सा. आपलं काम कोणी दुसरा पूर्ण करणार हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. समितीतले जेम्स कॅरोल डास चावून मरता मरता वाचले. जेसी लाझिअर 25 सप्टेंबरला पीतज्वरानं वारले, वय फक्त 34. मग शिस्तीत, दिवस मोजून प्रयोग झाले आणि फिनले खरे ठरले. 1901 मध्ये पिंप झाकून आणि डबकी बुजवून हवाना पीतज्वरमुक्त झालं, पुढे पनामा कालव्याचं कामही त्यामुळेच तडीस गेलं.

नाव झालं रीड यांचं. रोनाल्ड रॉस यांनी फिनले यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, पण ते मिळालं नाही. स्वतंत्र क्युबाचे मुख्य आरोग्य अधिकारी म्हणून त्यांनी 1902 ते 1909 काम केलं आणि 20 ऑगस्ट 1915 रोजी हवानात देह ठेवला.

पीतज्वर भारतात कधी आला नाही. डास मात्र आहे, म्हणून आफ्रिकेतून येणाऱ्याकडे आजही विमानतळावर लशीचं कार्ड मागतात. डेंग्यूला असं दारावर अडवायची सोय नाही.

भाऊ घरी आला त्या दिवशी मामीनं आल्या आल्या पदर खोचला आणि अंगणातला निळा ड्रम आडवा केला. पाणी ओतून भागत नाही, ती म्हणाली, अंडी कडेला चिकटतात आणि महिनोन्महिने कोरडी राहूनही जगतात. आजी कुरकुरली, नळाचं पाणी काऊन सांडवतं बाप्पा! मामीनं तिला न जुमानता माझ्या हातात काथ्या दिला. आतून घासताना ड्रमच्या कडेला काळे, मोहरीहून बारीक ठिपके बोटाला लागले. मी ते बराच वेळ बघत राहिले. मग घासले.