धर्मशाळा बांधणारे गाडगेबाबा

कुरखेड्याहून एखाद्या आजारी माणसाला मोठ्या उपचारासाठी मुंबईला न्यायचे ठरले, तर घरात काळजी पसरते. वडशाला जाऊन आगगाडी गाठता येते. रोग्याला दवाखान्यात खाटही मिळते. पण त्याच्याबरोबर गेलेल्या आईने किंवा भावाने रात्री झोपावे कुठे? लॉजचे भाडे गरिबाला परवडत नाही. मग ते बिचारे फुटपाथवर पथारी पसरतात. मुलांनो, गरिबाची ही अडचण फार पूर्वी ओळखणाऱ्या एका थोर माणसाची ओळख आज आपण करून घेणार आहोत.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील लवकर वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन दापुरे गावी माहेरी आली. मामाच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला, पुढे शेतात राबू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मोठा झाल्यावर त्याचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. पण 1905 साली त्याने घर सोडले आणि तो गावोगाव फिरू लागला.

अंगावर चिंध्यांचे कपडे, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे फुटके गाडगे, असा त्यांचा वेश असे. त्या गाडग्यातच ते भाकरी खात आणि पाणी पीत. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते कोणाशी न बोलता रस्ते झाडायला लागत. लोकांना लाज वाटे आणि तेही झाडू घेऊन येत. रात्री कीर्तन होई. कीर्तनात बाबा लोकांना प्रश्न विचारत, हसवत आणि हसता हसता त्यांच्या चुका दाखवत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शिकवा, असे ते सांगत.

यात्रांमध्ये त्यांनी गरिबांचे हाल पाहिले होते. पंढरपूरला आषाढी आणि कार्तिकी एकादशीला लाखो माणसे जमतात. उरुसाला होते तशीच गर्दी, पण कितीतरी मोठी. पैसेवाल्यांना उतरायला वाडे मिळत. गरीब माणसे पावसात, चिखलात, उघड्यावर रात्र काढत. त्यातही अस्पृश्य मानलेल्या लोकांना कोणी दारात उभे करत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी 1917 साली पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली. धर्मशाळा म्हणजे वाटसरूंनी उतरण्याची जागा. उर्दूत तिला मुसाफिरखाना म्हणतात. ज्या संत चोखामेळ्यांना त्यांच्या जातीमुळे देवळात जाऊ दिले नाही, त्यांचेच नाव या धर्मशाळेला दिले गेले. पुढे 1949 साली बाबांनी ही इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. नाशिक, देहू, आळंदी येथेही त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथल्या यात्रेला येणारे लोक काठाच्या चिखलात घसरून पडत. बाबांनी लोकांना जमवून 1908 साली तिथे घाट बांधला. पुढे त्यांनी सदावर्त, म्हणजे फुकट जेवणाची सोय सुरू केली. आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, ज्यांना कोणी जवळ येऊ देत नाही असे लोक तिथे येत. त्यांना पोटभर जेवण आणि अंगावर घालायला कपडे मिळत. कामाला पगारी नोकर कुठून आणणार? कोणी लाकडे फोडी, कोणी पाणी भरी, कोणी उष्टी काढी. आलेल्या श्रीमंतालाही काम चुकत नसे.

एवढ्या इमारती झाल्या, पण बाबांनी त्यांतली एकही आपली मानली नाही. सदावर्तातले अन्न ते खात नसत. गावात कुठेतरी भाकरी मागून ती चटणीबरोबर खात. रात्री झाडाखाली किंवा उघड्यावर आडवे होत. आपल्या नातेवाइकांचा या संस्थांवर काही हक्क नाही, हे त्यांनी स्पष्ट केले होते. त्यांची पत्नी कुंताबाई साध्या झोपडीत राहत. हे वाचून आपल्याला बाबा थोडे कठोर वाटतील. कुंताबाईंनी किती सोसले, हेही विसरता येत नाही.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ 1954 साली रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. उपचाराला महिना-दोन महिने लागत. खेड्यातून आलेला माणूस तेवढे दिवस तिथे अंग टेकू शके, दोन घास रांधू शके. बाबांच्या मागे त्यांच्या मिशनने दादरलाही अशी धर्मशाळा चालवली. तिथे कर्करोगाचे रोगी उतरतात. जात किंवा धर्म कोणी विचारत नाही.

शेवटच्या दिवसांत बाबांची प्रकृती फार बिघडली. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांना मोटारीने अमरावतीला नेत होते. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी वाटेतच त्यांनी प्राण सोडला. अमरावतीला ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, तो भाग आता गाडगेनगर या नावाने ओळखला जातो.